खाकीत गुंडाळलेली बेल

हबीबचाचा फोनवर बोलायला लागले की यांना फोनची गरज काय, असा प्रश्न आमच्या अख्ख्या गल्लीला पडायचा. लेक अकोल्याला. त्याच्याशी बोलणं सुरू झालं की चाची आतून म्हणायची, "फोन ठेवा आता. त्याले तसंच ऐकू येऊन राह्यलं असंल."

चाचा एसटीत कंडक्टर होते. अमरावती–अकोला ही त्यांची लाइन, आणि मोझरीच्या महाराजांची पुण्यतिथी आली की जादा गाड्यांवर ड्युटी. खच्चून भरलेली गाडी, आत दोन-तीन भजनी मंडळं, आणि त्या खंजिरीच्या वरून "बोला, कोन राह्यलं तिकिटाचं" विचारायचं. अशी नोकरी झाल्यावर घसा लहान राहणार कसा? रिटायर झाले, गाडी डेपोत राहिली, आवाज घरी आला.

चाचा जाऊन आता वर्ष होत आलं. माझ्या मुलीला त्यांनी बोलायला शिकवलं, असं कॉलनीतले लोक सांगतात. लोकांना गोष्ट सरळ लागते. जुईला बोलता आधीपासूनच येत होतं, घरात तर तिचं तोंड मिटत नव्हतं. चाचांनी काय केलं ते नीट सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले आहे. मी काही लेखिका नाही. बाळापूरजवळच्या एका खेड्यातली, आमच्या घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी. बी.एस्सी. झाले, परीक्षा देऊन सरकारी ऑफिसात लागले, आणि मला त्याचा अभिमान आहे. बाळापूर म्हटल्याबरोबर चाचांनी अमरावतीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने दिला. त्यांचंही मूळ गाव तेच. "गावची लेक हाये," एवढीच चौकशी केली.

नोकरी सुटली तरी चाचांच्या अंगातला कंडक्टर सुटला नव्हता. कुठेही गेले की आधी माणसं मोजायचे, लग्नात, दवाखान्यात, नमाजाहून परतताना चहाच्या टपरीवर. माणसाची ओळख त्याच्या थांब्यावरून. आमचा दूधवाला "बडनेरा", इस्त्रीवाला "मूर्तिजापूर", कारण ते तिथले. त्यांची खरी नावं मला अजून माहीत नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर कधी बसायचे नाहीत, चढणाऱ्या-उतरणाऱ्याला अडचण होते म्हणून. घरातल्या दिवाणखान्यातसुद्धा. आणि एक वाक्य तर त्यांच्या तोंडून दिवसातून कितीदा निघायचं, "जागा हाये, सरकून घ्या." चाचीच्या भावाच्या घरी जेवणाच्या पंगतीत ते असं म्हणाले आणि भरलेल्या पंगतीत खरोखर आणखी माणसं बसली. गाडी भरली असं कबूल करायला ते तयारच नसायचे.

तशी भांडणंही त्यांची पुष्कळ. नळाच्या पाण्यावरून, गेटसमोर लावलेल्या मोटारसायकलींवरून. पत्त्यांत सरळ सरळ लबाडी करायचे आणि पकडले गेले की आवाज चढवायचे. आमच्या मिस्टरांनी एकदा पत्ता पकडला तर त्यांनाच म्हणाले, "डाळ मिलमंधी हिसाब करता म्हून लय हुशार झाले काय?" मिस्टर अकोल्याच्या डाळ मिलमध्ये नोकरीला, रोजचं अपडाऊन. चाचांच्याच लाइनीचे प्रवासी, त्यामुळे त्यांना माफी होती.

अशा माणसाच्या घरात, वरच्या मजल्यावर, आमची जुई.

जुई तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागली होती. घरात ती गाणी म्हणायची, भांडायची, तिच्या बाहुलीला रागवायची. दाराबाहेर पाऊल पडलं की तोंड बंद. हट्टाने गप्प बसणं आणि बोलायचं असून घसा न उघडणं यात फरक असतो, तो तिच्या चेहऱ्यावर दिसायचा. डोळे एका जागी थांबायचे, मान ताठ व्हायची. शाळेत तिने पाणीसुद्धा मागितलं नाही कधी. तहानलेली घरी यायची. त्यात आवाज आणि स्पर्श तिला फार लागायचे. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला डीजे. फ्रॉकच्या मानेची चिठ्ठी कापून टाकली तरी तिचा धागा टोचायचा. मोज्याची शिवण बोटावर आली की रस्त्यात खाली बसायची. आणि वेणी घालायची म्हणजे रोज सकाळी आमच्या घरात रडारड.

चाचांना ही मुलगी फार आवडली. आवडली म्हणजे काय, तर सकाळी आम्ही जिना उतरलो की ते अंगणातून विचारायचे, "काय गं पोरी, नाव काय तुहं?" साध्या आवाजात. पण चाचांचा साधा आवाज म्हणजे मूर्तिजापूरच्या स्टँडवरचा. जुई दोन्ही कानांवर हात दाबून माझ्या पोटात शिरायची. त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने विचारलं.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातला की मुलं बोलतात. चाचा स्वतः बाळापूरला गेले, पुतण्याच्या शेतात दुपारभर झाडाखाली बसले, आणि पोपटाने टोचलेला पेरू रुमालात बांधून घेऊन आले. मी जुईसमोर धरून पाहिला. पेरूची बी दातांत कुरकुरते म्हणून ती पेरूच खात नाही. तोंड फिरवलं. चाचा थोडा वेळ पेरूकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "वाया काहून घालवाचा?" आणि स्वतःच खाल्ला. चाची कपाळाला हात लावून म्हणाली, "घ्या. आता आनखी बोलतीन."

आनखीच बोलायला लागले. एका सकाळी ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. "आज सांगतेच तू नाव, नाईतर जाऊच देत नाई." मस्करी होती. जुईला मस्करी कळली नाही. ती पायरीवर उभी राहिली आणि तिचा फ्रॉक ओला झाला. तिला कडेवर घेऊन मी वर गेले, कपडे बदलले, परत खाली आले. मी गोड बोलणाऱ्यातली नाही.

"चाचा, तुमचा आवाज तिच्या कानाले नाई, अंगाले लागते," मी म्हटलं. "उद्यापासून तिच्याशी बोलू नका."

चाचांचा चेहरा पडला. मग लाल झाला. "माह्याच घरात मीच बोलू नको?"

"तिच्याशी नका बोलू."

त्यांनी आम्हा तिघांशीही बोलणं सोडलं. मी गेटमधून निघाले की ओठ घट्ट मिटून कडुनिंबाकडे पाहत बसायचे. मिस्टरांनी पत्त्यांना बोलावलं तर मान हलवून नाही म्हणाले. मला वाटलं, आता घर शोधावं लागणार. चाची मात्र खुशीत होती. जिन्यात मला गाठून म्हणाली, "निकाह झाल्यापासून पह्यल्यांदा घरातलं घड्याळ ऐकू येऊन राह्यलं. भांडन आनखी थोडे दिवस चालू देजो, माय."

याच अबोल्यात ती गोष्ट घडली.

संध्याकाळी चाचा जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसायचे. हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच. मशिनी आल्यावर तो पंच कोणाच्या कामाचा राहिला नाही. भंगारवाल्याच्या गाड्यावर त्यांना एक जुना दिसला आणि त्यांनी घेऊन ठेवला होता. रागात असले की रिकामाच दाबत बसायचे. टिक. टिक. टिक. लहान, एकसारखा, आधीच कळणारा आवाज. जुईला तो आवडला. पहिल्या दिवशी ती आमच्या दाराच्या चौकटीत बसली. मग वरच्या पायरीवर. मग जिना जिथे वळतो त्या वळणावर. चाचा रागात असल्यामुळे वळून पाहत नव्हते. नाहीतर त्यांनी लगेच नाव विचारलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं.

एका संध्याकाळी मी दारातून पाहिलं. चाचांनी जुन्या कॅलेंडरचा एक तुकडा घेतला, त्याला भोक पाडलं आणि न वळता हात मागे नेऊन तो आपल्या मागच्या पायरीवर ठेवला. कंडक्टरला पाठीमागे कोण चढलं ते कळतं. जुईने बराच वेळ लावला. मग तुकडा उचलला. दुसऱ्या दिवशी तिने कडुनिंबाचं पान आणून त्याच पायरीवर ठेवलं. चाचांनी हात मागे नेला, पान चाचपलं, भोक पाडलं आणि परत ठेवलं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी ते वर आले. भांडण विसरलेलं दिसत होतं. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. त्यांची कुजबुजही शेजारच्या घरापर्यंत गेली असेल. "पोट्टी माह्या मांगं येऊन बसली. मी काईच बोललो नाई."

"म्हणूनच बसली," मी म्हटलं.

त्याच सुमारास आम्हाला अकोल्याच्या एक थेरपिस्ट मॅडम मिळाल्या होत्या. दर शनिवारी मी जुईला बसने त्यांच्याकडे न्यायचे. त्यांनी पहिल्यांदा या सगळ्याला नाव दिलं, सिलेक्टिव्ह म्यूटिझम, आणि आवाज-स्पर्श मेंदूला नीट न झेपण्याचा जो त्रास असतो तोही समजावून सांगितला. मी घरी येऊन त्यावर मिळेल ते वाचलं. माझं शिक्षण त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त कामाला आलं. मॅडमचं सांगणं साधं होतं. बोल म्हणायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही. टक लावून पाहायचं नाही. शेजारी बसून आपलं काम करत राहायचं. आणि बोललीच तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, काही झालंच नाही असं वागायचं.

हे चाचांना सांगितलं तर त्यांनी ड्युटी समजून घेतात तसं ऐकून घेतलं. शेवटचं पटलं नाही. "बोलली तरी खुशी नाई कराची?"

"तिच्यासमोर नाही."

"हे कठीन हाये," ते म्हणाले. "बाकीचं जमंल."

पुढच्या आठवड्यात ते भंगारवाल्याकडून गाडीतली बेल घेऊन आले. दोरीने ओढायची, पितळेची. आधी स्वतःच्या कानाजवळ वाजवून पाहिली. आवाज फार खणखणीत. मग पेटीतून नोकरीतली जुनी पँट काढली, तिचा पाय कापला, बेल त्या खाकी कापडात गुंडाळून वरून सुतळी बांधली. आता ठण्ण वाजायच्या जागी ठप वाजायची. बेल जिन्याच्या खाली, कठड्याला, आणि दोरी कठड्यावरून थेट आमच्या दारापर्यंत. पायऱ्या म्हणजे सीटा. कंडक्टर जुई. तिच्याशी बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे चाचांनी सगळं कडुनिंबाला समजावून सांगितलं. "सिंगल बेल, गाडी थांबली. डबल बेल, गाडी सुटली. कंडक्टरले तोंड उघडाचं कामच नाई. बेलंवर सारी गाडी चालते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ओरडून गाडी चालवलेला माणूस हे बोलत होता.

मुलांचा खेळ म्हणून आम्ही ते पाहत होतो. खेळाचं काम काय आहे ते चटणीच्या दिवशी कळलं. चाचीने मिक्सर लावला. वळणावर बसलेल्या जुईचे हात कानांकडे गेले, आणि मग एक हात खाली आला आणि दोरी ओढली. ठप. एकदाच. चाचा उठले, आत गेले आणि मिक्सरचं बटण बंद केलं. चाचीचा आवाज आला, "अर्धं खोबरं तसंच हाये."

"कंडक्टरनं बेल मारली," चाचा आतून म्हणाले. "गाडी थांबली पाह्यजे. चटनी पाट्यावर वाट."

चाचीने खरोखर पाट्यावर वाटायला घेतली, बडबडत. जुई दोरीकडे पाहत राहिली. आपण एक दोरी ओढली आणि बाहेरचा आवाज थांबला, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. थोड्या वेळाने तिने दोनदा ओढली. चाचांनी आतून विचारलं, "सुटली काय? चाल, लाव मिक्सर."

त्यानंतर मी आमच्या आरशाजवळ एक छोटी घंटा ठेवली. वेणी घालताना दुखलं की एकदा. मी हात बाजूला घ्यायचे. दोनदा वाजली की पुन्हा फणी. वेणीला वेळ जास्त लागायला लागला, रडणं गेलं. कुकर लावायच्या आधी मी विचारायचे नाही, वाट पाहायचे. ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि आतून दोन ठोके द्यायची. थेरपिस्ट मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून सगळं परत ऐकलं, आणि मग म्हणाल्या, आता या गाडीत हळूहळू एकेक प्रवासी वाढवा.

प्रवासी वाढले. चाची, मी, सुटीच्या दिवशी मिस्टर. जुईचा आवाजही जिना उतरायला लागला होता. आधी दारापर्यंत बोलायची, मग वरच्या पायरीवर माझ्या कानात, मग वळणावर, पण फक्त माझ्याशी. वळणाच्या खाली मात्र आवाज जात नव्हता. चाचांशी एक शब्द नाही. चाचांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तिकीट घ्यायचे, पानाला भोक पाडून घ्यायचे, आणि दर थांब्यावर स्वतःच स्वतःला उतरवून परत चढायचे.

तेवढ्यात शाळेने आम्हाला बोलावलं. जूनपासून पहिली. मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं. दोन वर्षांत मुलीने वर्गात एक शब्द काढलेला नाही. पहिलीत तोंडी परीक्षा असते. तिला वाचता येतं की नाही हे आम्हाला कळणार कसं? वर्गाच्या बाईंसमोर निदान एवढंसं काही बोलली तर ठेवू, नाहीतर तुम्ही दुसरी, वेगळ्या मुलांची शाळा बघा. अकोल्याच्या मॅडमचं म्हणणं उलट होतं. ओळखीच्या बाई, ओळखीची मुलं, ओळखीचा बाक, हे आत्ता सुटलं तर मागचं सगळं परत पहिल्यापासून. उन्हाळ्याची सुटी तेवढी आमच्या हातात होती.

जुईच्या वर्गाच्या बाई, पल्लवी मॅडम, तरुण होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि आमच्या जिन्यावर यायला विचारलं. त्या तयार झाल्या. कसं बसायचं तेही शिकून घेतलं. मधल्या पायरीवर, जुईकडे पाठ करून, हातात सोलायला भुईमुगाच्या शेंगा, म्हणजे हात कामात राहतील. पहिल्या दिवशी जुई वरच राहिली. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा वळणापर्यंत आली. मग एके दिवशी खाली येऊन मॅडमच्या पायरीवर, त्यांच्या मागे, कॅलेंडरच्या तुकड्याचं तिकीट ठेवून गेली. मॅडमनी ते न वळता उचललं.

सुटी संपत आली होती. त्या दिवशी फार उकडत होतं. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. मॅडम मधल्या पायरीवर, चाचा खालच्या, जुई वळणावर दोरी धरून. डबल बेल झाली. चाचांनी रोजच्यासारखे थांबे घ्यायला सुरुवात केली. आवाज त्यांनी आता इतका खाली आणला होता की तो त्यांचा वाटायचा नाही.

"बडनेरा. उतरा, बडनेरा. चला... लोनी. चला. कुरूम फाटा. चला... मूर्तिजापूर." मग ते थांबले. "मूर्तिजापूर झालं. आता..." डोकं खाजवलं. "मूर्तिजापूरच्या मंग..."

मॅडमच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बोरगाव," वळणावरून आवाज आला.

लहान होता, थोडा घोगरा, पण स्पष्ट. वळणाच्या खाली, दोन माणसांच्या पाठींवर पडलेला पहिला शब्द. मी दारात उभी होते, आणि मला चाचांची पाठ दिसत होती. ती तसूभर हलली नाही.

"हां, बोरगाव," चाचा म्हणाले. "उतरा, बोरगाव. जागा हाये, सरकून घ्या. चला... अकोला. गाडी खाली करा."

मॅडम उतरल्या. चाचा उतरले. कुडत्याच्या बाहीने तोंड पुसलं, चपला घातल्या, गेटाची कडी आवाज न करता काढली आणि बाहेर गेले. मला वाटलं पान आणायला गेले. ते गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागले, तिथून पुढे जिथे मोकळा प्लॉट आहे तिथवर गेले. आणि मग इतक्या लांबून, कित्येक महिन्यांनी, त्यांचा खरा आवाज ऐकू आला.

"चला बडनेराऽ मूर्तिजापूरऽ बोरगावऽ अकोलाऽऽ!"

गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. चाची पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सुटली गाडी." वळणावर जुईने दोरी सोडली, कानांवर हात नेले नाहीत, आणि माझ्याकडे पाहून हसली. लांबून येणारा आवाज तिला चालत होता.

ते बोरगाव खरोखर विसरले होते की मुद्दाम थांबले होते, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर फक्त पत्ते पिसत राहिले.

मुख्याध्यापिका बाईंचं एका शब्दाने समाधान झालं नाही. पल्लवी मॅडमनी सांगितलं, मी सांगितलं, अकोल्याच्या मॅडमचा कागद दाखवला. बाई म्हणाल्या, "एका थांब्याच्या नावावर मी तिला पहिलीत कशी घेऊ?" चाचा माझ्यासोबत आले होते. पांढरा इस्त्रीचा कुडता घालून, शाळा आहे म्हणून हळू आवाजात, दाराजवळची खुर्ची सोडून आतल्या खुर्चीवर बसलेले.

"बाई, वर्गात जागा हाये?" त्यांनी विचारलं.

"जागेचा प्रश्न नाही, चाचा."

"हाये ना? मंग उभ्यानं येऊ द्या तिले. आमच्या गाडीत लोक अमरावतीले उभ्यानं चढतात, मूर्तिजापूर येईपर्यंत बसाले जागा भेटते. पन आंधी चढू द्या लागते. तुमी थोडं सरकून घ्या, बाई."

बाई पेन हातात फिरवत राहिल्या. मग पल्लवी मॅडमना म्हणाल्या, तोंडी परीक्षा तुम्ही घ्या, रिकाम्या वर्गात, आई सोबत असू द्या. जुईने ती परीक्षा कुजबुजत दिली. टेबलावर खाकी कापडात बांधलेली एक छोटी बेल होती. ती तिने मध्ये एकदा वाजवली, पाणी प्यायली, दोनदा वाजवली आणि पुढे वाचलं.

जुई आता तिसरीत आहे. सकाळच्या प्रार्थनेला तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. वर्गात दोन मैत्रिणींशी बोलते, बाईंशी बोलते, दुकानदाराशी अजून नाही. मोज्याची शिवण अजूनही उलटी करून घालते. तिची गाडी तिच्या वेगाने चालली आहे आणि मला घाई नाही. घाई नसण्याचं हे शहाणपण मला चाचांच्या पाठीकडे पाहून आलं.

चाचांचे गुडघे गेले तसे ते आणि चाची बाळापूरला पुतण्याच्या शेजारी राहायला गेले. बेल आमच्या कठड्याला तशीच बांधून ठेवली. पंच जुईला दिला. देताना काही बोलले नाहीत, पायरीवर ठेवला आणि पाठ करून बसले.

शेवटचे भेटले ते अकोल्याच्या स्टँडवर. थेरपिस्ट मॅडमकडची आमची शेवटची खेप होती. चाचा काठी टेकत बाळापूरहून मुद्दाम आले होते. अमरावतीची गाडी लागली, ती खच्चून भरलेली. मी म्हटलं, पुढच्या गाडीने जाऊ. चाचांनी ऐकलं नाही. काठी माझ्याकडे दिली, दांड्याला धरून वर चढले आणि हळू आवाजात, एकेका सीटपाशी थांबून, "जागा हाये, सरकून घ्या" म्हणत गेले. लोक सरकले. कंडक्टरच्या सीटमागे, दोरीच्या खाली, जुईपुरती आणि माझ्यापुरती जागा झाली. मग ते खाली उतरून आमच्या खिडकीशी उभे राहिले.

कंडक्टर तरुण मुलगी होती, मागच्या दारापाशी कोणाशी तरी वाद घालत होती. जुईने कानात कापूस घातला होता. तिने चाचांकडे पाहिलं. चाचांनी दोन बोटं वर केली. जुई सीटवर उभी राहिली, हात वर नेला आणि दोरी दोनदा ओढली.

गाडी सुटली. कंडक्टर मुलगी गर्दीतून वाट काढत पुढे आली. चिडलेलीच होती. "बेल कोनी मारली?"

सगळी गाडी एकमेकांकडे पाहायला लागली. मी तोंड उघडणार होते. मी काहीतरी बोलून सांभाळून घेतलं असतं, इतकी वर्षं घेतच होते.

"मी," जुई म्हणाली.

अनोळखी माणसांनी भरलेल्या गाडीत, अनोळखी बाईला. कंडक्टर तिच्याकडे पाहत राहिली, मग "पुन्हा मारू नको बाई" म्हणून तिकिटं काढायला लागली.

संध्याकाळी फोन करून मी चाचांना हे सांगितलं. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्यांच्या फोनवर असं कधी व्हायचं नाही. मग त्यांनी विचारलं, "कंडक्टर रागावली काय?"

"थोडीशी."

"बराबर हाये तिचं," चाचा म्हणाले. "बेल कंडक्टरनंच मारा लागते." आणि फोन चाचीकडे दिला.

गाडीत ती "मी" म्हणाली तेव्हा मी आधी मागे वळून खिडकीतून पाहिलं होतं. गाडी स्टँडच्या फाटकातून वळत होती. चाचा फलाटाच्या कडेला उभे होते. त्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. त्यांची काठी माझ्याच हातात राहिली होती, म्हणून ते खांबाला धरून उभे होते, आणि त्यांची दोन बोटं अजून वरच होती. चहूकडे खाजगी गाड्यांवाली पोरं थांब्यांची नावं घेऊन ओरडत होती. चाचांचे ओठ घट्ट मिटलेले होते.